अथेन्समार्गे म्युनिक: त्या व्हिसाच्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "अगं, आम्ही ग्रीसचा व्हिसा काढायचं ठरवलंय."

मला आधी काही कळेचना. आतेभाऊ म्युनिकला असतो, त्याला मुलगी झाली आहे, आत्या आणि आतोबा नातीजवळ दोन महिने राहायला निघालेत, एवढं मला ठाऊक होतं. यात ग्रीस कुठून उपटलं? "ग्रुपवर आलंय बघ. पाठवते तुला."

आलं. ‘युरोप व्हिसा: एजंट कधीच सांगणार नाहीत अशा ९ गोष्टी’. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. हाच मेसेज मला याआधी दोन ग्रुपवर आला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचताच सोडून दिला होता. आता घरच्याच माणसाच्या हातात खोटं हॉटेल बुकिंग द्यायची वेळ आली, म्हणून नीट वाचला. आणि डोकं फिरलं.

पुढे जे लिहितेय त्यातलं बहुतेक सगळं एकाच जागी सापडतं: युरोपीय संघाचा व्हिसा कोड, म्हणजे २००९ सालचा ८१० क्रमांकाचा नियम, नंतरच्या दुरुस्त्यांसह. इंग्रजीत आहे, फुकट आहे, आणि कायद्याच्या मानाने बराच वाचनीय आहे. जोडलेले हात तेवढे नाहीत त्यात.

‘जर्मनी-फ्रान्सचे स्लॉट मिळत नाहीत. सोप्या देशाचा व्हिसा काढा. शेंगेन एकच आहे, कुठेही उतरा, कुठेही राहा.’

आत्या अडकली ती इथे. आणि अडकवणाऱ्या वाक्यात थोडं खरं असतंच. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आज २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५ ला पूर्णपणे आत आले. नेहमीच्या शेंगेन व्हिसावर या २९ देशांत फिरता येतं, हेही खरं. स्लॉट, म्हणजे अर्ज द्यायला जाण्याची वेळ, मिळत नाहीत हे तर इतकं खरं आहे की त्यावर मी वेगळं रडगाणं लिहू शकेन.

पण अर्ज कोणाकडे करायचा हे आपल्या सोयीवर सोडलेलं नाही. व्हिसा कोडचं पाचवं कलम बघा. एकाच देशात जायचं असेल तर त्या देशाकडे. अनेक देशांत जायचं असेल तर मुख्य मुक्काम जिथे, त्या देशाकडे; आणि मुख्य म्हणजे काय, तर जिथे दिवस जास्त किंवा जिथे जाण्याचं कारण मोठं. मुख्य देश ठरवताच येत नसेल तरच जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. ‘जिथे लवकर मिळेल तिथे’ हा पर्याय त्या कलमात नाही.

आता आत्याचं बघा. साठ दिवस म्युनिक, मुलाच्या घरी. ग्रीसमध्ये शून्य दिवस. मग ग्रीसकडे अर्ज करायचा तर काय करावं लागेल? अथेन्सच्या हॉटेलचं डमी बुकिंग, सँटोरिनीची बोट, आणि कव्हर लेटरमध्ये ‘आम्हाला प्राचीन ग्रीक संस्कृतीची आवड आहे’ हे वाक्य. आतोबांना आवड आहे ती पत्त्यांची. नातीचा उल्लेख करायचा नाही, कारण तो केला की सगळं बिंग फुटतं. म्हणजे जे खरं कारण आहे, जे कुठल्याही अधिकाऱ्याला एका वाक्यात पटेल, तेच लपवायचं आणि त्याच्या जागी खोटं कारण उभं करायचं. यापेक्षा उलटा उद्योग मी पाहिलेला नाही.

समजा मिळाला व्हिसा. पुढे? तिसावं कलम सांगतं की हातात व्हिसा आहे एवढ्यावरून प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही. सीमेवरचा अधिकारी कुठे राहणार, किती दिवस, कशासाठी हे पुन्हा विचारू शकतो. म्युनिकच्या विमानतळावर, रात्रभराच्या प्रवासानंतर, ग्रीसचा व्हिसा दाखवून आत्या काय सांगणार? ती खरंच सांगणार. तिला दुसरं काही येत नाही. आणि खरं सांगितलं की अर्जातलं सगळं खोटं ठरतं. फसवणुकीने मिळवलेला व्हिसा रद्द करण्याची तरतूद चौतिसाव्या कलमात आहे. शंभरातल्या किती जणांना अडवतात, मला माहीत नाही. बरेच जण निघूनही जात असतील, आणि तेच मग ग्रुपवर ‘आम्हाला तर काही विचारलं नाही’ असं लिहितात. अडकलेला माणूस मात्र कशाला लिहील?

यात सगळ्यात चिडायला लावणारी गोष्ट अशी की सरळ रस्ता जास्त भक्कम आहे. मुलगा जर्मनीत कायदेशीर राहतो, कमावतो. तो तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आई-वडिलांच्या मुक्कामाच्या खर्चाचं हमीपत्र देऊ शकतो. त्या हमीपत्राचं नाव ‘फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’. ते नाव न अडखळता उच्चारणाऱ्याला खरं तर तिथेच व्हिसा द्यायला हवा. त्यासोबत नातीचा जन्मदाखला, मुलाच्या राहण्याच्या परवान्याची प्रत, आतोबांच्या पेन्शनचे कागद. हे सगळं खरं आहे आणि घरातच पडलेलं आहे.

‘रिजेक्ट झालं तर घाबरू नका. दुसऱ्या देशाकडे अर्ज करा, त्यांना कळत नाही. फार तर नवा पासपोर्ट काढा, जुनं सगळं पुसलं जातं.’

हे लिहिणाऱ्याला माझा एकच प्रश्न: बोटंही नवी काढायची का?

अर्ज करताना दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात ते शोभेसाठी नाही. ते व्हिसा माहिती प्रणालीत जातात. ही प्रणाली ऑक्टोबर २०११ पासून चालू आहे आणि सगळे शेंगेन देश ती वापरतात. तिच्यात मिळालेले व्हिसा असतात तसे नाकारलेलेही असतात, आणि नोंद पाच वर्षांपर्यंत राहते. पासपोर्टचा नंबर बदलला तरी ठसे तेच. म्हणजे लिथुआनियाने नाकारलेला अर्ज स्पेनच्या अधिकाऱ्याला दिसतो. त्यात तुम्ही पासपोर्ट मुद्दाम बदललाय हेही लक्षात आलं, तर संशयाला जागा तुम्हीच करून दिलीत.

एकदा नकार म्हणजे कायमचा नकार असंही नाही, आणि लोक घाबरून असले सल्ले मानतात म्हणून हे सांगायला हवं. नकार देताना कारणांचा ठरावीक छापील फॉर्म द्यावाच लागतो. त्यातल्या कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघायचं, ती त्रुटी भरून काढायची आणि पुन्हा अर्ज करायचा. नकाराविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही आहे, ज्या देशाने नाकारलं त्याच्याच कायद्याप्रमाणे. जर्मनीने मात्र वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता पुन्हा अर्ज किंवा थेट कोर्ट. भरलेली फी परत येत नाही, कोणत्याही देशात.

‘९० दिवस संपत आले की एक दिवस बाहेर जाऊन या, मोजणी पुन्हा सुरू होते. स्वित्झर्लंड जवळ पडतं.’

स्वित्झर्लंड! युरोपीय संघात नाही म्हणून हे सुचलं असणार. संघात नाही हे बरोबर, पण शेंगेनमध्ये आहे. नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टनश्टाइनसारखं. म्हणजे तुम्ही बाहेर पडलातच नाही. आणि लंडनला जरी जाऊन आलात, तरी मोजणी शून्यावर येत नाही. नियम असा की कोणत्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात आतले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. १ मार्चला शिरलात आणि सलग राहिलात तर नव्वदावा दिवस २९ मे. त्यानंतर परत पाऊल ठेवता येतं ते २८ ऑगस्टला. मधे कितीही वेळा लंडन बघा.

आणि हे ९० सुद्धा कमाल आहेत. तुमच्या पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात. ते ३० असतील तर ३०च, वैधतेच्या तारखा कितीही लांब दिसोत. त्या तारखा मुक्कामापेक्षा पंधरा दिवसांनी जास्त ठेवतात, कारण विमान पुढे-मागे झालं तर सोय असावी. ‘पंधरा दिवस बोनस’ असं या मेसेजमध्ये लिहिलंय. बोनस वगैरे काही नाही.

पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसावं लागायचं, पानं पुसट असायची, चुका खपून जायच्या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने प्रवेश-निर्गमनाची नोंद संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे. संगणकाला बेरीज येते.

‘विमा फक्त अर्जापुरता काढा, व्हिसा आला की कॅन्सल करा, पैसे परत.’

हे वाचून मला राग आला नाही, भीती वाटली. आतोबांना दोन स्टेंट आहेत. नियमाप्रमाणे विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू होणारा हवा. पण नियम बाजूला ठेवा. मुलाच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला सत्तरीचा माणूस रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागल्यावर ‘पैसे परत घेतले’ म्हणून समाधान मानणार आहे का? उलट पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. तिथेच सगळी मेख असते.

बाकीचे

‘भारतीयांना आता व्हिसा नको, ईटीआयएएस नावाचा ऑनलाइन परवाना २० युरोत मिळतो.’ तो परवाना ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागतच नाही त्यांच्यासाठी आहे. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. कोणी भारतीयाला हा परवाना विकत असेल तर त्याला एक पैसा देऊ नका.

‘अमेरिकेचा व्हिसा असेल तर युरोप फ्री.’ अमेरिकेच्या चालू व्हिसावर मेक्सिकोत जाता येतं. मेक्सिको युरोपात नाही.

‘आठवडाभर आधी अर्ज केला तरी चालतं.’ नाही. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५.

‘पासपोर्ट सहा महिने वैध हवा.’ नियम परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिन्यांचा आहे, दोन कोरी पानं आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट. पण सहा महिने ठेवलेत तर नुकसान काहीच नाही. या एका मुद्द्यावर मी मेसेजशी भांडत नाही.

नववा मुद्दा ‘अधिकाऱ्याशी आत्मविश्वासाने बोला’ असा आहे. बोला.

एक मात्र या नऊ मुद्द्यांत कुठेच नाही, आणि नेमकं तेच कामाचं होतं. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम लागू झालाय: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट, कायद्याने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा येण्याजाण्याचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. नात मोठी होणार, आत्या पुन्हा पुन्हा जाणार. पहिल्याच अर्जात अथेन्सचं सोंग केलं तर ही वाट तिनेच स्वतःसाठी बंद केली असती.

काल रात्री आम्ही दोघींनी फोनवर बसून कव्हर लेटर लिहिलं. मी दीड पानाचा मसुदा केला होता, आत्याने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "एवढं कशाला?" मग तिने स्वतः सांगितलं, मी टाइप केलं: आम्हाला नात झाली आहे, तिला बघायला जातोय, साठ दिवस राहू, परतीचं बुकिंग सोबत जोडलं आहे. जर्मनीचा स्लॉट अजून मिळालेला नाही. रोज सकाळी आतोबा संकेतस्थळ उघडून बघतात.