‘लेव्हल करा’ म्हणणाऱ्यांनो, एकदा त्या फ्रीजच्या मागे बघा!

पुन्हा कुणी मला आमच्या आरव्हीबद्दल, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीबद्दल, ‘गाडी लेव्हल करा, सपाट उभी करा, फ्रीज आपोआप गार होईल’ असं सांगितलं ना, तर माझ्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही. लेव्हलच आहे हो! स्पिरिट लेव्हल, म्हणजे पाणसळ, गाडीच्या जमिनीवर ठेवून बघितली, फ्रीजरच्या तळाशी ठेवून बघितली, बुडबुडा अगदी मधोमध. आणि फ्रीजमधलं थर्मामीटर दाखवतंय ५६ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सिअस. ४० च्या खाली हवं तिथे ५६!

अ‍ॅरिझोनातला जुलै. फिनिक्सला ११० फॅरनहाइट हे रोजचंच. सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरलेलं, आणि त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. न उघडलेल्या इन्सुलिनला ३६ ते ४६ फॅरनहाइट लागतं. दही आंबट ढाण झालं, कोथिंबीर काळी पडली, पोरांचं दूध नासलं, ते सगळं एक वेळ सोडून देईन. पण रात्री गॅस स्टेशनवर बर्फाच्या पिशव्या शोधत फिरायचं, इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं म्हणून ते टॉवेलात गुंडाळून बर्फापासून लांब ठेवायचं, दर थोड्या वेळाने हात लावून बघायचं, आणि सासूबाई एकीकडे ‘माझ्यामुळे तुमच्या जिवाला घोर’ म्हणत बसलेल्या. त्यांच्यामुळे? त्यांचा काय संबंध? हे आठवलं की अजून डोकं तडकतं.

सर्व्हिसवाल्यांकडे नेली गाडी. कितीतरी दिवस त्यांच्या आवारात पडून होती. मग कागद हातात आला: ‘दोष आढळला नाही.’ तपासलं कसं, ते विचारलं. हा फ्रीज वीज आणि गॅस दोन्हींवर चालतो. यांनी गाडी शेडमध्ये उभी करून, विजेवर लावून, रिकामा फ्रीज रात्रभर चालवला, सकाळी ३७ दाखवत होतं. अरे, सावलीत, रात्री, रिकामा फ्रीज गार होणारच! मी तक्रार काय केली होती? दुपारच्या उन्हात, गॅसवर, सामान भरलेलं असताना गार होत नाही. ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं तपासलं आणि वर मजुरीचं बिल लावलं. काउंटरवरचा माणूस म्हणतो कसा, ‘मॅडम, हे फ्रीज असेच असतात.’

असेच नसतात! बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी हे यंत्र १९२२ साली शोधून काढलं. शंभर वर्षं होऊन गेली. कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एक भाग नाही. खाली ज्योत किंवा विजेची कांडी पाणी-अमोनियाचं मिश्रण उकळवते, अमोनियाची वाफ वर कंडेन्सरमध्ये जाते, तिथे उष्णता बाहेर टाकून तिचं द्रव होतं, ते आत हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा उडून जाताना फ्रीजमधली उष्णता ओढून घेतं, आणि मग खाली पाण्यात विरघळून परत उकळायला येतं. सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं. म्हणून लेव्हल लागते, हे मलाही कळतं. बऱ्याच मॉडेलना आडव्या बाजूने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढाच कल चालतो. त्याहून वाकडी गाडी तासन् तास उभी राहिली तर द्रव अडकतं, बॉयलर तापतो, गंज लागू नये म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन नळी कायमची तुंबते. मान्य. पण कंडेन्सरने बाहेर टाकलेली उष्णता गाडीच्या बाहेर गेली पाहिजे, हे कोण बघणार?

शेवटी नवऱ्याने आणि मी फ्रीजच्या मागची, गाडीच्या बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढली, टॉर्च मारला आणि मला अक्षरशः रडू कोसळलं. फ्रीजची मागची बाजू आणि गाडीची भिंत यांच्यात माझा पंजा उभा मावेल एवढी मोकळी जागा. बसवण्याच्या पुस्तिकेत आमच्या मॉडेलसाठी जास्तीत जास्त एक इंच लिहिलंय. एक इंच! फट अरुंद असली तरच खालून आलेली हवा कंडेन्सरच्या पात्यांना घासून वर जाते. इथे हवा भिंतीकडून मोकळीच निघून जात होती, कंडेन्सर तसाच तापलेला. त्यात आमचा फ्रीज स्लाइड-आउटमध्ये, म्हणजे गाडी उभी केल्यावर बाहेर सरकणाऱ्या भागात. छतावर धुराडं नाहीच, वरची जाळीसुद्धा भिंतीतच. अशा वेळी गरम हवा त्या जाळीकडे वळवायला पत्रा लावायचा असतो. तो नाही. फ्रीजच्या डोक्यावर मोकळी पोकळी, तिथे सगळी गरम हवा कोंडून बसलेली. बाजूच्या प्लायवूडला हात लावला तर चटका बसला.

हे कारखान्यातून असं आलंय. विकणाऱ्याने असं विकलंय. सर्व्हिसवाल्याने चार स्क्रू काढून बघायचे कष्ट घेतले नाहीत. आमच्या घरच्या हप्त्याइतका या गाडीचा हप्ता जातो आणि एका पत्र्याची काटकसर केली यांनी!

आणि ‘तुम्ही सामान जास्त भरता, गरम ठेवता’ हेही ऐकवून झालं. मी आदल्या दिवशी फ्रीज चालू करते, कारण या फ्रीजला गार व्हायला आठ-दहा तास सहज लागतात. घरच्या फ्रीजमध्ये गार केलेलंच सामान भरते. खण गच्च भरत नाही, आत बॅटरीवरचा छोटा पंखा ठेवते, दाराच्या रबरात कागद अडकवून पकड तपासते, फ्रीजची बाजू दुपारच्या उन्हाकडे येणार नाही अशी गाडी लावायला लावते. बर्नरवर त्याच्या धुराच्या नळीतला गंज पडतो, कोळी जाळी करतात, तेही दर मोसमात साफ होतं. आणखी काय करू? आणि ५,५०० फुटांच्या वर गॅसवर हा फ्रीज नीट चालेलच असं नाही, विजेवर चालवा, हे पुस्तिकेच्या आतल्या पानावर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर आहे. अ‍ॅरिझोनात गाडी विकणाऱ्या माणसाला हे तोंडाने सांगता येत नाही? तो ‘कुठेही न्या, वीज लागत नाही’ एवढंच घोकत होता.

आम्ही गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणला, कापून मागच्या भिंतीला पुढे आणून लावला, वरची पोकळी बंद केली, हवा जाळीकडे वळेल असा तिरका तुकडा बसवला. बर्नरच्या ज्योतीला धक्का लागणार नाही अशा उंचीवर, कंडेन्सरच्या खाली, १२ व्होल्टचे दोन पंखे. सामानाचा खर्च त्यांच्या मजुरीच्या बिलापुढे किरकोळ. पुढच्या शनिवारी दुपारी, बाहेर १०८, गॅसवर, भरलेला फ्रीज: ३९.

दोष आढळला नाही म्हणे! दोष तुमच्या डोळ्यांसमोर होता, जाळीच्या आड. पत्रा लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, थर्मामीटरचे आकडे, पुस्तिकेतलं ते पान, सगळं त्यांना पाठवलंय. उत्तर आलं, ‘आमच्या तपासणीत फ्रीज व्यवस्थित होता.’ मी परत लिहिलंय, तपासणीच केली नाहीत तर तिचे पैसे कसले घेता? मजुरीचा एकेक डॉलर परत करा, आणि तुमच्या आवारात विकायला उभ्या असलेल्या प्रत्येक स्लाइड-आउटवाल्या गाडीची ती जाळी उघडून बघा, पुढच्या कुणाच्या तरी आईचं औषध त्यात जायच्या आत.