वह्या कुठे ठेवू?

आज सकाळी ताईंचा फोन आला. निधी संपला, एचआयव्ही रोखण्याचं काम करणारं आमचं सेंटर महिनाअखेर बंद होतंय, हे एका दमात सांगून झालं आणि मग त्यांनी विचारलं, "अगं, त्या वह्या कुठे ठेवू?" तेव्हापासून कशातच लक्ष नाही.

दोन वर्षं मी ताईंबरोबर आउटरीचला, म्हणजे बायकांच्या दारोदार, जायचे. ताई स्वतः देहविक्रयाच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या, नंतर पीअर, म्हणजे त्याच बायकांमध्ये जाऊन काम करणाऱ्या, झालेल्या. त्यांच्या वहीत बायकांची नावं नाहीत. फूल, डूल, चांदणी अशा खुणा, आणि खुणेपुढे किती कंडोम दिले, तपासणी कधी झाली. वही नको त्याच्या हाती पडली तरी कुणाचं काही बाहेर येऊ नये, म्हणून.

त्यातली चांदणी तपासणीला तयारच नव्हती. ताई तीन महिने दर आठवड्याला तिच्या दारात जाऊन बसायच्या. तपासणीचं नावही काढायच्या नाहीत, तिचे केस विंचरून द्यायच्या. चौथ्या महिन्यात तीच म्हणाली, "चला." पॉझिटिव्ह निघाली. गोळ्या सुरू झाल्या, पुढे रक्तात विषाणू सापडेनासा झाला. म्हणजे गोळ्या चालू आहेत तोवर शरीरसंबंधातून तिच्यापासून कुणालाही लागण होणार नाही. ते केस विंचरण्याचे तीन महिने अहवालाच्या कुठल्या रकान्यात भरायचे होते?

आणि लोक मला सांगतात, कंडोम काय, दुकानातही मिळतात!

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका सहीने थांबवली. २००३ पासून चाललेला पेपफार, म्हणजे अमेरिकेचा परदेशांतल्या एचआयव्ही कामासाठीचा निधी, त्यात अडकला. मग जीव वाचवणाऱ्या उपचारांना सूट दिली, पण लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, प्रेप, त्या सवलतीत फक्त गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी. देहविक्रय करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ज्यांना सगळ्यात जास्त धोका, नेमके तेच वगळले. हा हिशेब नाही, ही शिक्षा आहे. मला दुसरा शब्द सुचत नाही.

अमेरिकेतच, इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) एचआयव्हीची तपासणी करणारं एकमेव केंद्र २०१३ मध्ये बंद झालं. २०१५ मध्ये तिथे नशेच्या सुयांमधून साथ पसरली आणि छोट्याशा काउंटीत सुमारे दोनशे माणसांना लागण झाली. त्यानंतर वापरलेल्या सुया घेऊन नव्या द्यायला परवानगी मिळाली. त्यानंतर!

निधी खाणाऱ्या संस्था आहेत. मी पाहिल्यात. आणि सरकारांनी हा खर्च स्वतः उचलावा, बाहेरच्या पैशावर कायम विसंबू नये, हेही बरोबर. पण म्हणून चालू काम एका महिन्यात गुंडाळायचं?

एका मैत्रिणीने मघाशी सुचवलं, "लोकांना सांग की हा आजार तुमच्याही घरापर्यंत येऊ शकतो, मग देतील पैसे." नाही सांगणार. चांदणी माणूस आहे, एवढं कारण मला पुरतं. तुम्हालाही पुरत असेल, म्हणून तर इथे लिहितेय.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो यासाठी की औषध आता खरंच हाताशी आलंय. लागण होऊ नये म्हणून घ्यायचं लेनाकापाविर, वर्षातून फक्त दोन इंजेक्शनं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२४ मध्ये हा निकाल वाचून मी रडले होते. पण ते इंजेक्शन घेऊन कुणाच्या दारात कोण बसणार? ताईंना आता घर चालवायला दुसरं काम शोधावं लागेल. त्यांच्या जागी उद्या निधी आला आणि नवी मुलगी नेमली, तरी तिला पहिल्या दिवसापासून सुरुवात. तिला कोण केसाला हात लावू देईल?

फोनवर मी म्हटलं, "ताई, वह्या माझ्याकडे आणून ठेवा."

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "थांब. आधी बायकांना विचारते."