स्वस्त बेट म्हणायचं कशाला? सिडकोच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. सोमवारी दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर नव्हतं, म्हणून आठवडा घेतला.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोटीशिवाय, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून डायव्हिंग (त्यालाच शोअर डायव्हिंग म्हणतात) करायचं असेल तर खिशाला परवडणारं बेट कोणतं, यावर मी लिहिलं होतं आणि बालीतल्या तुलांबेनचं नाव पुढे केलं होतं. दादा ते वाचून जानेवारीत वहिनींना घेऊन गेले. चार दिवसांत चारच डायव्ह झाले, लाटेत दगडावरून वहिनींचा पाय मुरगळला, आणि परत येऊन हिशेब केला तर खर्च अंदमानाएवढाच. त्यांचं म्हणणं असं: 'भगूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या बाईनं अंदमान सोडून परदेश सुचवावा? तारकर्ली तर घरचीच. आणि गाईडशिवाय उतरा म्हणून सांगणं हा बेजबाबदारपणा आहे.'

आधी वहिनींबद्दल. मला मनापासून वाईट वाटलं, आणि यात चूक माझी आहे. मी लेखात 'वर्षभर जाता येतं' असं लिहून गेले. डायव्ह सेंटरं वर्षभर उघडी असतात म्हणून ते वाक्य पडलं, पण डिसेंबर ते मार्च हा तिकडचा पावसाळा. त्या दिवसांत तुलांबेनच्या किनाऱ्यावर लाटा आदळतात. मी स्वतः गेले होते जूनमध्ये, पाणी परातीतल्यासारखं शांत होतं, आणि मी जूनचा अनुभव बारा महिन्यांना लावला. मूळ लेखात आज ते वाक्य बदललंय. एप्रिल ते नोव्हेंबर, असं.

तिथला किनारा वाळूचा नाही हे मी लिहिलं होतं, पण एका ओळीत. त्याला एक ओळ पुरत नाही. सगळे काळे, गुळगुळीत, नारळाएवढे ज्वालामुखीचे दगड. पूर ओसरल्यावर गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून आपण जसे जपून उतरतो, तसंच तिथे उतरायचं, फरक एवढाच की पायऱ्या हलत नाहीत आणि हे दगड पायाखालून सरकतात. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, मिळून वीस किलोच्या आसपास ओझं. लाट आली की पाणी मागे जाताना दगडही घरंगळत नेतं, आणि तो खडखडाट पाण्याखालीसुद्धा ऐकू येतो. तिथल्या बायका हेच सिलिंडर डोक्यावर चुंबळ ठेवून किनाऱ्यापर्यंत आणून देतात, हंडा आणावा तसा. मी त्यांचे पाय बघत बसले होते. पुढचं पाऊल त्या आधी नुसतं टेकवतात, दगड बसला की मगच त्यावर भार टाकतात. मी त्यांचं बघून शिकले. वहिनींना कुणी हे उतरण्याआधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं, आणि ते दाखवणं माझ्या लेखाचं काम होतं.

आता खर्चाचं. इथे मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, कारण तुमचा हिशेब बरोबर असूनही त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही.

डायव्हिंगची सहल स्वस्त की महाग हे तिकिटावरून ठरवू नये. एकूण खर्चाला डायव्हच्या संख्येनं भागावं. काही खर्च एकदाच होतो: नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईचं विमानतळ, विमान, व्हिसा, तिकडे उतरल्यावर गाडी. समजा हे सगळं माणशी ५० हजार झालं. चार डायव्ह केलेत तर प्रत्येक डायव्हवर साडेबारा हजार नुसते प्रवासाचे चढले. बारा केलेत तर चार हजार दोनशेच्या आत. शोअर डायव्हिंग स्वस्त पडतं ते इथे. बोटीचं डिझेल नाही, खलाशी नाहीत, 'किमान चार जण झाले तरच बोट निघेल' ही वाट पाहणं नाही. सकाळी सहाला एक, न्याहारीनंतर एक, दुपारची झोप काढून चारला एक. तुमचे चारच झाले ते समुद्रामुळे, आणि समुद्राचा महिना मी चुकीचा सांगितला. तेव्हा महाग पडलं ते माझ्या चुकीनं. बेटाला दोष देऊ नका.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट धरायची राहते, ती सगळ्यांचीच राहते. लागोपाठ डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणजे चार दिवसांच्या सहलीत शेवटचा दिवस कोरडाच. येण्याजाण्याचे दिवस वेगळे. म्हणून चार दिवसांसाठी कुठलंच लांबचं बेट स्वस्त पडत नाही. आठ दिवस तरी हवेत. रजा मिळत नसेल तर त्या वर्षी जाऊ नये, दोन वर्षांची रजा साठवून जावं, असं माझं मत आहे.

अंदमानचं. भगूरचा उल्लेख तुम्ही केलात. सावरकरांच्या त्या गावी आम्ही शाळेच्या सहलीनं गेलोय, आणि अंदमानला विमानातून उतरल्यावर वीर सावरकर विमानतळ ही पाटी वाचताना नाशिकच्या माणसाला काय होतं ते मला सांगायला नको. अंदमानवर माझं प्रेम आहे. पण प्रश्न होता बोटीशिवायच्या डायव्हिंगचा. स्वराज द्वीपचं, म्हणजे जुन्या हॅवलॉकचं, जे खरं वैभव आहे, डिक्सन्स पिनॅकल काय, जॉनीज गॉर्ज काय, ते सगळं बोटीवर. किनाऱ्यावरून नेमो रीफ आहे, सुंदर आहे, शिकायला उत्तम आहे, पण दहा डायव्ह त्याच एका ठिकाणी कुणी करत नाही. शिवाय ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे हटतं की सिलिंडर पाठीवर घेऊन खडकांवरून लांबवर चालावं लागतं. मग भरतीची वेळ बघून डायव्ह ठरवायचा, आणि दिवसाचे तीन करायचे ते एकावर येतात. अंदमानला बोटीचे पैसे मोजायची तयारी ठेवून जा. ते पैसे वसूल होतात. पण त्याला शोअर डायव्हिंगची सहल म्हणू नका.

तारकर्लीचंही तसंच, फक्त कारण वेगळं. किनाऱ्यावरून डायव्हिंग होण्यासाठी तळ झपकन खाली जायला हवा. तीस-चाळीस पावलं चाललं की दहा मीटर खोली, असं. ज्वालामुखीच्या उतारावर ते मिळतं, प्रवाळाची भिंत किनाऱ्याला चिकटून उभी असते तिथे मिळतं. आपल्या कोकणात समुद्राचा तळ मैलोन्‌मैल उथळच राहतो. नद्या गाळ आणतात, कर्ली नदी तर तारकर्लीला खेटूनच समुद्राला मिळते. म्हणून तिथे खडकांकडे बोटीनंच जावं लागतं आणि पाणी बरेचदा गढूळ. मालवणचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे जीवसृष्टी आहेच. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेऊन बघायचा असेल तर नाशिककरांनी आधी मालवणलाच जावं, हे मी मागेही लिहिलंय. फक्त एक सांगते: खोल किंवा लागोपाठ डायव्ह केले असतील तर त्याच दिवशी गाडी काढून घाट चढू नका. ३०० मीटरच्या वर गेलं की डायव्हिंगच्या भाषेत ती उंचीच समजतात, आणि आपलं नाशिक त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. रात्र मालवणात काढा, मासे खा, सकाळी निघा.

मग तुलांबेनच का? 'लिबर्टी'मुळे. १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीनं या अमेरिकन मालवाहू जहाजावर टॉर्पेडो मारला. ते ओढत आणून याच किनाऱ्याला लावलं, आणि ते तिथे दगडांवर पडून राहिलं, एकवीस वर्षं. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आज त्याचा वरचा भाग पाच मीटरवर आणि खालचा तीस मीटरच्या आसपास आहे. किनाऱ्यापासून इतकं जवळ की पहिल्यांदा मला ते पटेना. दगड संपून काळी वाळू लागते, आपण तिच्या उतारावरून खाली सरकत राहतो, आणि निळ्या अंधारातून एकदम एक काळी भिंत उभी राहते. जवळ गेलं की कळतं, लोखंड दिसतच नाहीये, सगळं प्रवाळानं आणि स्पंजांनी झाकलंय. मी सहा वेळा त्याच जहाजावर गेले आणि सहाव्या वेळीही शेवटाकडचा भाग बघायचा राहिला. एकच जागा पुन्हा पुन्हा बघावीशी वाटणं, ही शोअर डायव्हिंगसाठी बेट निवडताना माझी पहिली अट आहे. तुमची नसेल तर बोटीचं डायव्हिंगच तुम्हाला आवडेल, आणि त्यात काही वावगं नाही.

दुसरा पर्याय फिलिपिन्समधलं मोआलबोआल. सेबू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, समोरच भिंत, आणि तिच्या कडेला सार्डिन माशांचा ढग, तोही पोहत जाण्याच्या अंतरावर. जून २०२५ पासून भारतीयांना तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, तेवढी बचत. मालदीवमध्ये स्थानिक बेटांवरच्या गेस्टहाऊसांमुळे राहणं आवाक्यात आलं, पण तिथलं नावाजलेलं डायव्हिंग खाड्यांमधल्या प्रवाहांत, म्हणजे पुन्हा बोट. कॅरिबियनमधल्या बोनेरला रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडांसारखे पिवळे दगड रंगवून ठेवलेत, दगड दिसला की गाडी थांबवा आणि उतरा. शोअर डायव्हिंगचं माहेरच ते. पण नाशिकहून तिथवर जायचं म्हणजे परवडणारं हा शब्द सोडून द्यायचा.

गाईडबद्दल तुमचं वाचन थोडं निसटलं, आणि माझं लिहिणंही ढिलं होतं. प्रमाणपत्र असलेले दोघे मिळून किनाऱ्यावरून उतरू शकतात, असं मी लिहिलं होतं. नव्या जागी पहिलाच डायव्ह तसा करावा, असं मला म्हणायचं नव्हतं. पहिला डायव्ह गाईडबरोबरच. कुठून उतरायचं, कुठून वर यायचं, दुपारी प्रवाह कुठे वळतो, हे तिथल्याच माणसाला माहीत असतं. आणि लाट असेल तर मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं साधन, तोंडात, आणि उतरताना असो की बाहेर येताना, लाटांच्या पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत काही काढायचं नाही. पडलात तरी श्वास चालू राहतो. बाहेर येताना सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा शिल्लक हवी, कारण लाटेत पंधरा मिनिटं थांबावं लागलं तर ती हवाच कामाला येते. लाट मोठी वाटली तर त्या दिवशी उतरायचंच नाही. किनाऱ्यावरच्या डायव्हरला 'आज नको' म्हणणं सोपं असतं, बोटीचे पैसे अडकलेले नसतात.

तुम्ही शेवटी लिहिलंत की लेकीला मेमध्ये न्यायचं होतं, पण आता माझ्या सल्ल्यावर नाही. तो निर्णय तुमचा. तरी मला वाटतं, मे महिना तुलांबेनला चांगला आहे आणि तिचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, तिथेच होऊ शकतो. आठ दिवस काढा. पहिले दोन दिवस शेजारच्या आमेदला राहा, तिथल्या खाडीत उतरणं सोपं जातं. तोवर तिला रोज सकाळी त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर पाठवा. दम न लागता दोनशे मीटर पोहता आलं आणि दहा मिनिटं तरंगता आलं की कोर्सची पोहण्याची अट पूर्ण होते.

आणि बूट. सेंटरवर भाड्याचे मिळतात ते बहुतेक पातळ तळव्याचे, झिजलेले. माझ्याकडे जाड तळव्याचे निओप्रीनचे बूट आहेत, पाच नंबर, दोनच सहली झाल्यात. तिच्या मापाचे असतील तर इथेच कळवा, गंगापूर रोडहून सिडको काही लांब नाही, मी आणून देते. वहिनींचा पाय आता कसा आहे तेही लिहा.