पहिली शिलाई मशीन टाके मोजून घेऊ नका

शिवणक्लासच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो आहे. ‘कपडे शिवायला शिकायचंय ना? पहिली मशीन ऑटोमॅटिकच घ्या. जितके टाके जास्त तितकी मशीन चांगली. काळी पायमशीन आता भंगारात गेली. चांगली मशीन मलमलपासून जीन्सपर्यंत सगळं शिवते आणि फिनिशिंग आपोआप येतं.’ साठवलेले पैसे मुली याच्या भरवशावर खर्च करतात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

‘जितके टाके जास्त तितकी मशीन चांगली.’

इथे टाके म्हणजे टाक्यांचे प्रकार. अस्तराचा कटोरी ब्लाउज घ्या. टक्स, कटोरीची जोडणी, खांदे, गळ्याची पायपिन (कडेची बारीक पट्टी), हूकपट्टी, बाह्या, बगलेची शिलाई, सगळीकडे सरळ टीप. हूक हातानं लावायचे, कडांना दोरे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक किंवा झिगझॅग. पंजाबी ड्रेस, परकर, फ्रॉक यांचंही तेच. शर्ट शिवायचा तर काज हवं. सरळ, झिगझॅग आणि काज एवढ्यावर घरचं सगळं शिवण निभतं. पानाफुलांचे टाके मुली पहिल्या आठवड्यात हौसेनं करून बघतात, पुढे ते बटण फिरतच नाही.

रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात बघा. तिथली मशीन मिनिटाला 4000 ते 5000 टाके घालते आणि तिला एकाच प्रकारचा टाका येतो, सरळ. काजाला, इंटरलॉकला वेगळ्या मशीन असतात. म्हणून दुकानात टाक्यांचा तक्ता वाचू नका, टीप बघा. वरचा आणि खालचा धागा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकायला हवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी टीप सारखीच दिसते. उलट्या बाजूला वरच्या धाग्याचे फासे दिसले तर धाग्याचा ताण बदलून पुन्हा शिवायला लावा. तरीही फासे राहिले तर ती मशीन घेऊ नका, मग तिच्यावर कितीही नक्षी असो.

‘काळी पायमशीन भंगारात गेली.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ही मशीन जड असते, म्हणून हलत नाही. वीज गेली तरी काम थांबत नाही. शटल, बॉबिन (खालच्या धाग्याची रीळ) बसते ती केस, पट्टा सुटे मिळतात आणि दुरुस्त करणारा तालुक्याच्या बाजारात सापडतो. पायडलवर वेग आपल्या पायात असतो, त्यामुळे गळ्याच्या गोलाईवर एकेक टाका घालता येतो. तिच्या सुईखालच्या पट्टीला सुईपुरतंच गोल भोक असतं, त्यामुळे तलम कापड आत ओढलं जात नाही. झिगझॅगच्या मशीनला तिथे आडवी फट लागते. झिगझॅगच्या मशीनवर शिफॉन शिवताना मी खाली पातळ कागद ठेवायला सांगते आणि टीप झाल्यावर तो फाडून काढायला लावते.

पायमशीनच्या उणिवाही खऱ्या आहेत. झिगझॅग नाही, त्यामुळे पिको (साडीच्या कडेची बारीक शिलाई) जमत नाही. लेगिंगसारख्या ताणणाऱ्या कापडावर तिची सरळ टीप ओढ बसली की तुटते. उलट टीप काही मॉडेलनाच असते. शिवाय सुरुवातीला पाय चुकला की चाक उलटं फिरतं आणि धागा गुंततो. हातानं चाक आपल्याकडे फिरवून सुरू करायचं, हे थोड्या सरावानं अंगवळणी पडतं.

‘मलमलपासून जीन्सपर्यंत सगळं शिवते.’

शिवते ती सुई. मलमलला 11 नंबर, रोजच्या सुतीला 14, जाड कापडाला 16 किंवा 18, टी-शर्टच्या कापडाला गोलसर टोकाची बॉल पॉइंट. पैठणीचा जरीकाठ, अस्तर आणि पायपिन एकावर एक आले की बोथट झालेली सुई टाके सोडते आणि दोष मशीनच्या माथी जातो. आधी सुई बदला, मग मेकॅनिकला बोलवा. खेळण्यासारखी हलकी प्लॅस्टिकची मिनी मशीन मात्र सुई बदलूनही एवढे थर ओढत नाही. कपडे शिवायला शिकायचं तर ती नकोच.

‘फिनिशिंग आपोआप येतं.’

ते नीट कटिंगमधून, सारख्या मार्जिनमधून आणि प्रत्येक टिपेनंतर फिरवलेल्या इस्त्रीतून येतं. यातलं एकही काम मशीन करत नाही.

मग घ्यायची कोणती? ब्लाउज आणि ड्रेस शिवायचे असतील, वीज बेभरवशाची असेल, मशीन एका जागी राहणार असेल तर पायमशीन घ्या, हवी तर पुढे मोटर बसवा. साडीला पिको करायचा असेल, लेगिंग शिवायच्या असतील, मशीन उचलून ठेवावी लागत असेल तर झिगझॅग आणि काज असलेली साधी विजेची घ्या. दुकानात जाताना पिशवीत मलमल, सुती आणि जरीकाठाचे आपलेच तुकडे न्या, कारण दुकानदार दाखवतो त्या कडक कापडावर कुठलीही मशीन छान चालते. सुती तुकड्याच्या चार घड्या करून शिवा, अगदी सावकाश शिवा, बॉबिन स्वतः भरा. आणि बिघडली तर घरी कोण येणार, हे पैसे देण्याआधी विचारा.