मिक्सरची रेघ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मिक्सरने ओल्या खोबऱ्यावर देह ठेवला. जळका वास सुटला, बुडातून धूर आला आणि वाटप भांड्यात अर्धंकच्चं राहिलं. मालवणातल्या घरातून मिक्सर जाणं म्हणजे काय, हे सोलकढी बाटलीतून पिणाऱ्यांना कळायचं नाही.

मी छत्री घेऊन बाजारात निघालोच होतो. पण पुण्याहून आलेला भाचा आडवा आला. "मामा, असं थेट कोण घेतं हल्ली? आधी ग्राफ बघायचा!" त्यासाठी किमतीवर पाळत ठेवणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतं. मोबाइलच्या क्रोममध्ये ते चालत नाही म्हणून त्याने माझा लॅपटॉप काढला आणि त्यात ते टाकलं. टाकताना त्या एक्स्टेन्शनने विचारलं, तुम्ही उघडाल त्या वेबसाइटवरची माहिती वाचू का, बदलू का? शेजाऱ्याने खिडकीतून डोकावलं तर आम्ही कुंपणाचा वाद उकरून काढतो. इथे मात्र मी मुकाट 'हो' केलं. कारण फुकट होतं ना! पुढे कळलं, आपण काही घेतलं की असल्या एक्स्टेन्शनवाल्यांपैकी बऱ्याच जणांना दुकानाकडून कमिशन मिळतं. कूपनं शोधून देणारं 'हनी' हे असलंच एक्स्टेन्शन पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीने २०१९ साली सुमारे ४ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. फुकटच्या मधाचं पोळं एवढं मोठं असतं.

तर ऑनलाइन दुकानातल्या मिक्सरच्या फोटोखाली एक रेघ उगवली. गेल्या वर्षभरातली किंमत. आज २,८४९ रुपये. मार्चमध्ये २,४९९. सेलच्या आधी आठवडाभर रेघ ३,६९९ वर चढलेली, आणि सेलच्या दिवशी 'घसघशीत सूट' म्हणून परत २,८४९! वर छापील किंमत ५,९९९, तिच्यावर काट. ती किंमत वर्षभरात रेघेने एकदाही पाहिली नव्हती. इतकी वर्षं आपण सेलमध्ये काय काय घेतलं ते आठवून मला घाम फुटला. मी २,५०० चा अलार्म लावला. तेवढ्यावर उतरली की ईमेल येणार.

तोवर वाटप?

"झिला, वाटप कशात करू? तुझ्या त्या रेघेर?" असं म्हणत आईने पाटा धुतला आणि वरवंटा माझ्या हातात दिला. पाट्यावर खोबरं वाटणं हे बघायला फार छान दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या पाच मिनिटांत खोबरं पाट्याच्या चारी बाजूंनी पळ काढतं. धणे-मिरची बारीक होईतो माझे खांदे बारीक झाले. रोज संध्याकाळी वाटून उठायचं, दुखऱ्या हाताने लॅपटॉप उघडायचा आणि रेघ बघायची. २,८९९. २,८४९. २,८७५. वाचणार होते ३५० रुपये. त्यातले दीडशे बामाला गेले, तेही छापील किमतीत, ग्राफ न बघता.

जुलैअखेर एका रात्री वादळी पाऊस झाला. लाइट गेली, मागोमाग मोबाइलचा टॉवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेंज आली आणि पहिला ईमेल टपकला: तुमचा मिक्सर २,४७९ रुपयांत! वेळ पहाटे २ वाजून १० मिनिटं. धावत जाऊन बघतो तर 'स्टॉक संपला'. रेघसुद्धा तिथे तुटलेली. शेवटी बाजारातल्या दुकानातून ३,१०० ला तोच मिक्सर आणला. दुकानदाराला मी रेघ दाखवायला गेलो, तर तो म्हणाला, "दर काय बघतास? बिघडलो तर हयच घेवन येवचो आसा."

खोड मात्र राहिली. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली, श्रावण लागायला अजून थोडे दिवस होते, म्हणून मी बाजारात गेलो. पहिलेच ताजे बांगडे, डोळे अजून चकचकीत.

"कशे गो?"

"दोनशेक वाटो."

तोंडातून निघूनच गेलं, "गेल्या महिन्यात काय भाव होता?"

मासेवालीने कोयता खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस गो? दर्या बंद होतो, तेवाचो भाव इचारता हो!"