मोबाइलबंदी पुरेशी आहे, या प्रतिक्रियेला उत्तर

शाळेत समाजमाध्यमांचा जबाबदार वापर शिकवावा, या माझ्या म्हणण्यावर आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शाळेत मोबाइलला बंदी असताना समाजमाध्यमांचा जबाबदार वापर शिकवणे म्हणजे मुलांना त्याची वाट दाखवणे होय, आणि निवडणुका व सर्वेक्षणांच्या कामांनी आधीच पिचलेल्या शिक्षकांवर आणखी एक विषय लादणे होय, असे आपले म्हणणे आहे. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि म्हणूनच मी स्वतंत्र विषयाची मागणी करत नाही. पहिला मात्र पटत नाही.

वर्गातील बंदी मलाही हवीच आहे, पण तिचा अंमल शाळा सुटेपर्यंतच चालतो. इन्स्टाग्रामची १३ वर्षांची अट जन्मसाल बदलून सहज ओलांडता येते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या काळात व्हॉट्सॲपवर देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असे सांगणारा फलक दाखवतात. पसरवलेल्या तुकड्यातून नेमका हा शेवटच कापला होता. अशा तुकड्यांवर विश्वास ठेवणारी माणसे प्रौढ होती. त्यांना लहानपणी मोबाइलपासून दूर ठेवावे लागले नव्हते, कारण तेव्हा तो नव्हताच. वय वाढल्याने खऱ्याखोट्याची पारख आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते.

त्यासाठी वर्गात एकही मोबाइल लागत नाही. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आहेच. त्याच तासाला असा एखादा संदेश फळ्यावर लिहून, घटना कोणत्या गावची, कोणत्या तारखेची, सांगणारा स्वतः तिथे होता का, हे मुलांना शोधायला लावता येईल. केरळमधील कण्णूर जिल्ह्याच्या प्रशासनाने २०१८ मध्ये सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले होते, म्हणजे ही कल्पना हवेतली नाही.

पालकांची जबाबदारी मोठी आहे, हे आपले म्हणणे खरेच आहे. पण शाळेलाही ती टाळता येणार नाही. दुसऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय टाकू नये असे मुलांना सांगायचे असेल, तर निकालाच्या दिवशी विद्यार्थ्यांची नावे, गुण आणि छायाचित्रे पालकांच्या गटावर टाकण्याची प्रथा शाळांनी आधी बंद करावी. त्याने शिक्षकांचे काम वाढणार नाही, उलट थोडे कमीच होईल.