रस्ता मोकळा करणारा परमवीर

दिवाळीच्या सुट्टीत कारवारला गेलो होतो. समुद्रकिनाऱ्यावर नौदलाची जुनी ‘चपळ’ युद्धनौका ठेवली आहे, तिच्यासमोर फोटोंसाठी ही झुंबड! शेजारीच रामा राघोबा राणे यांचा पुतळा. तिथे मात्र आम्ही आणि एक भेळवाला. भाच्याला म्हटलं, हे परमवीरचक्र विजेते. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, यांनी किती जणांना मारलं?"

पोराचा काय दोष? शौर्य म्हणजे मुडद्यांचा हिशेब, हे आपणच त्याला शिकवलंय. टीव्ही बघा, भाषणं ऐका.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचा मुलगा. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा जवान म्हणून भरती झाले. म्हणजे आपल्या खडकीचे सॅपर्स. यांचं काम पूल बांधणं, सुरुंग काढणं, वाट करून देणं. महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आले आणि १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले.

पुढच्याच एप्रिलमध्ये, काश्मीरसाठी पाकिस्तानशी लढाई चालू असताना, जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघाली. राजौरीतल्या लोकांचे हाल चालले होते, त्यामुळे घाई होती. पण रणगाडे जाणार कुठून? रस्ताभर सुरुंग पेरलेले, जागोजागी अडथळे. ८ एप्रिलला काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणेही होते. मागे जाऊन मलमपट्टी करून घेतली असती तर कोण नावं ठेवणार होतं? गडी हलला नाही.

आता हे नीट डोळ्यांसमोर आणा. पुढे सुरुंग, वरून मशिनगन. राणे चालत्या रणगाड्याच्या खाली शिरले. आत बसलेल्या चालकाला यांची हाक ऐकू जाणं शक्य नाही, म्हणून त्याच्यापर्यंत दोन दोर नेलेले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. डोक्यावर कित्येक टन लोखंड घरघरतंय, दोन्ही बाजूंना पट्टे फिरतायत आणि हा माणूस पोटावर सरपटत रणगाड्याच्या चालीने पुढे जातोय, सुरुंग काढतोय. दोर ओढायला क्षणभर उशीर झाला असता तर?

९ तारखेच्या संध्याकाळी पाइनची पाच मोठी झाडं आडवी लागली, भोवती सुरुंग. गोळीबार इतका की रणगाडे मागे घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला राणे परत हजर, साडेसहाला वाट मोकळी. त्याच दिवशी रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. तरी ११ तारखेला हे पुन्हा रस्त्यावरच, कारण मागच्या गाड्यांनाही वाट हवी होती. १२ एप्रिलला फौज राजौरीत शिरली.

सेकंड लेफ्टनंट राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते या कामासाठी. स्वतः किती टिपले म्हणून नव्हे, तर त्यांच्यामुळे मागची सगळी फौज पुढे जाऊ शकली म्हणून. मला विचाराल तर हे शौर्य जास्त अवघड. हल्ल्यात माणूस त्वेषाने धावतो. इथे अंगावर गोळ्या येत असताना बोटं थरथरू द्यायची नाहीत, आणि तेही एक दिवस नाही, चार दिवस.

१९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. अलीकडे अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलंय. छानच झालं, पण शाळेच्या पुस्तकात त्या दोन दोरांचं चित्र आलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

भाच्याला तिथेच वाळूत बसून हे सगळं सांगितलं. घरी आल्यावर बघतो तर साहेब पलंगाखाली पालथे पडलेले, हातात दोन नाड्या, आणि वर बसलेल्या ताईवर ओरडतायत, "अगं डावी ओढली! थांब म्हटलं ना!"